धावती पंगत

मंडळी, आमच्या मालेगावला रेल्वे नाही. मोसम आणि गिरणा अशा दोन नद्या आहेत, मुंबई-आग्रा रस्ता आहे, रात्रंदिवस खडखडणारे यंत्रमाग आहेत. पण आगगाडीत बसायचे म्हणजे आधी एस.टी.ने मनमाड गाठावे लागते. म्हणून आमच्याकडच्या माणसाचा रेल्वेचा प्रवास आदल्या रात्रीच सुरू होतो, आणि तोही स्वयंपाकघरात. पहाटेची गाडी धरायची, तेव्हा रात्रीच दशम्या भाजून ठेवायच्या, शेंगदाण्याची चटणी कुटायची, चार हिरव्या मिरच्या तव्यावर परतायच्या आणि सगळे धुवट फडक्यात बांधायचे. ही शिदोरी हातात असली, की माणूस निर्धास्त. तिकीट विसरले तर चालेल एक वेळ, पण शिदोरी विसरता कामा नये!

अशा शिदोरीवाल्या मुलखातला मी एक निवृत्त शाळामास्तर. खिडकीशी बसायला मिळाले, की मला तहानभूक लागत नाही असे घरचे म्हणतात. ते काही खरे नाही. तहानभूक लागते, पण खिडकीबाहेर काही सुंदर दिसत असले म्हणजे जरा जास्तच लागते. तर एका आषाढात माझ्या मनाने घेतले, की डोंगर, धबधबे आणि धुके पाहता पाहता, चालत्या गाडीत, टेबलाखुर्चीवर बसून एकदा जेवायचे. परदेशात अशा खास जेवणाच्या गाड्या असतात हे मी वाचले होते. अमेरिकेत नापा नावाचे द्राक्षांचे खोरे आहे; आपल्या नाशिक जिल्ह्याचे ते दूरचे भावंडच म्हणा ना! तेथे १९८९ सालापासून एक गाडी चालते. ती प्रवाशांना मळ्यांमधून हिंडवते, जेवू घालते आणि जेथून निघाली तेथेच आणून सोडते. म्हणजे भाडे भरायचे, पोटभर जेवायचे आणि कोठेही जायचे नाही. आमच्या शेजारच्या आजींना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग ओट्यावर बसून जेवले तर काय बिघडले?”

आजींच्या या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधायलाच मी निघालो असे समजा.

अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. मुंबई-पुणे धावणाऱ्या दख्खनच्या राणीला, म्हणजे डेक्कन क्वीनला, अजून जेवणाचा खास डबा आहे. बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्वयंपाकाचा डबा असतो. पण तेथे शिजलेले अन्न आपल्या जागेवर आणून देतात. जेवायला उठून जायचे, टेबलाशी खुर्चीवर बसायचे, वेटरने समोर बशी ठेवायची, असा डबा रोजच्या प्रवासी गाड्यांत आता हाच उरला आहे.

हा जेवणाचा डबा निघाला तरी कशासाठी, ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. अंतर ३४ किलोमीटर. एवढ्याशा वाटेत जेवणाचा प्रश्न येत नाही. पुढे गाड्या लांब जाऊ लागल्या आणि दिवस-रात्र प्रवास घडू लागला, तेव्हा पोटाचे काय करायचे हा प्रश्न जगभर उभा राहिला. सुरुवातीला गाडी एखाद्या स्टेशनावर थांबवायची, उतारूंनी धावत जाऊन खायचे आणि शिटी झाली की घास तोंडात घेऊन पळत सुटायचे, अशी रीत होती. त्यात गाडीचा वेळ जाई आणि उतारूंची तब्येत बिघडे. मग अमेरिकेत जॉर्ज पुलमन या कारखानदाराने १८६८ साली जेवणाचाच एक डबा तयार केला. इंग्लंडात १८७९ साली लीड्स ते लंडन या मार्गावर असा डबा जोडला गेला. माणसाने अन्नासाठी गाडी थांबवण्याऐवजी अन्नालाच गाडीत बसवले. सोपी कल्पना, नाही का? पण सोप्या कल्पना सुचायलाच वेळ लागतो.

आता माझा प्रवास ऐका. मनमाडहून पहाटेची पंचवटी एक्सप्रेस धरली. इगतपुरी सोडल्यावर गाडी थळ घाट, म्हणजे आपण ज्याला कसाऱ्याचा घाट म्हणतो तो, उतरू लागली. तेव्हा मी अर्धी शिदोरी सोडली. अर्धी मुद्दाम राखून ठेवली. मुंबईवर आमचा विश्वास कमी! दिवसभर मुंबईत कामे केली आणि संध्याकाळी पाचनंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर दख्खनच्या राणीपाशी हजर झालो.

या राणीचा जन्म १ जून १९३० चा. अजूनही दर वर्षी त्या दिवशी पुणे स्टेशनावर तिचे नेहमीचे उतारू केक कापून वाढदिवस साजरा करतात. माणसांचे वाढदिवस विसरणारे लोक गाडीचा वाढदिवस पाळतात, याची मला गंमत वाटते. पण तिची कुंडली पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. आरंभी या गाडीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचे तिकीट घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या-माझ्या आज्यापणज्याला, या गाडीत पायही ठेवता येत नव्हता. तिला तिसरा वर्ग जोडला गेला तो १९५५ साली. म्हणजे राणीने रयतेला दार उघडायला पंचवीस वर्षे घेतली, आणि त्यांतली शेवटची आठ वर्षे स्वराज्यातली होती.

सव्वापाचच्या आत गाडी हलली. दादर गेले आणि गर्दी जागेवर बसली. मी उठून, डब्यामागून डबे ओलांडत, त्या जेवणाच्या डब्यात गेलो. गाडीचे नवे डबे २०२२ च्या जूनमध्ये आले. त्यांतल्या या डब्यात चाळीस माणसे टेबलाशी बसू शकतात. आधीच्या डब्यात बत्तीसच बसत. पलीकडे चिमुकले स्वयंपाकघर आहे. तेथे पाव भाजायचे यंत्र आहे, अन्न गरम करायची विजेची पेटी आहे, जिन्नस गोठवून ठेवायचे कपाट आहे. आपल्या घरची गृहिणी एका जागी उभ्या असलेल्या चुलीपुढे रांधते. येथला आचारी मात्र पायाखालची जमीन डुलत असताना रांधतो. त्याचे पाय पाहा: एक पुढे, एक मागे, गुडघे किंचित सैल, बैलगाडीत उभे राहून हाकणाऱ्या गाडीवानासारखे. आणि चहाचा कप तो कधी काठोकाठ भरत नाही. चिक्कूपणा म्हणून नव्हे हो! वळणावर तो चहा तुमच्या सदऱ्यावर यायचा.

मला एका टेबलाशी खुर्ची मिळाली. समोर एक दाढीवाले वयस्कर गृहस्थ होते, डोक्याला जाळीची टोपी. शेजारी बँकेत नोकरी करणारी एक तरुण मुलगी, आणि चौथ्या खुर्चीवर मांडीवर पोर घेतलेले एक शेतकरी गृहस्थ. चौघेही एकमेकांना अनोळखी. आपापली खाद्यपदार्थांची यादी जो तो असा वाचू लागला, जणू परीक्षेची प्रश्नपत्रिकाच. जेवण म्हणजे आपले वरणभाताचे जेवण नव्हे. चीज टोस्ट, ऑम्लेट, कटलेट असा संध्याकाळचा बेत. मी टोस्ट आणि चहा मागवला.

कर्जत आले. येथे गाडीच्या मागच्या अंगाला घाटाची जोड-इंजिने लागतात. पुढचे इंजिन ओढते आणि मागची रेटतात. चढावर अडलेली बैलगाडी आपण जशी मागून खांदा लावून ढकलतो, तोच प्रकार. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बैल मातीच्या वाटेत खूर रोवतो, म्हणून तो चांगला उभा चढही चढतो. आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते. ते गुळगुळीत, म्हणून सपाटीवर थोड्या जोरात प्रचंड वजन ओढता येते. पण त्याच गुळगुळीतपणामुळे चढावर चाक घसरू लागते. म्हणून रेल्वेचा घाट फार उभा करता येत नाही. बोरघाटात आणि थळ घाटातही जास्तीत जास्त चढ सदतीसाला एक असा आहे. सदतीस पावले पुढे गेले, की एक पाऊल वर.

शिक्षक मित्रांनो, हा चढ मुलांना वर्गात दाखवता येईल. सदतीस वितींची दोरी शाळेच्या पटांगणात ताणा. एक टोक जमिनीवर ठेवा आणि दुसरे एक वीत उचलून धरा. मुले म्हणतील, “एवढाच चढ?” हो, एवढाच. पण एवढ्याच चढावर शेकडो टन वजनाची गाडी नेण्यासाठी मागून इंजिने लावावी लागतात. मी टेबलावर दुसरा प्रयोग केला. सात सेंटिमीटर रुंदीच्या पेल्यात अर्धे पाणी घेतले आणि डोळा पेल्याच्या पातळीत आणून पाहिले. गाडी चढाला लागली आणि पेल्यातले पाणी गाडीच्या शेपटाकडच्या कडेला सुमारे दोन मिलिमीटर वर दिसू लागले. खरे तर पाणी सपाटच होते. तिरका झाला होता पेला, टेबल, डबा आणि आम्ही सगळे. बँकेतल्या मुलीने आपला पेला पुढे सरकवला आणि तीही वाकून पाहू लागली. शेतकऱ्याचे पोर टाळ्या वाजवू लागले. दाढीवाले गृहस्थ हसून म्हणाले, “मास्तर दिसता!” शाळामास्तर ओळखायला खडू लागत नाही, एवढे खरे.

खिडकीबाहेर तोवर सह्याद्री जवळ आला होता. साताचा सुमार, आषाढातला लांबलेला उजेड, कड्यांवरून पांढरे झोत कोसळत होते. बोगदा आला की खिडकीचा आरसा होई आणि त्यात आम्हा चौघांची तोंडे दिसत; बोगदा संपला की तोंडे पुसली जात आणि हिरवी दरी दिसे. असे किती वेळा झाले मोजले नाही. राणीला १५ ऑगस्ट २०२१ पासून मोठमोठ्या काचांचा एक खास डबाही जोडलेला आहे. त्यात डोंगर अधिक दिसतो. पण मला आपले हे आलटून-पालटून दिसणे आवडले. एकदा डोंगर, एकदा माणसे.

घाट पाहताना एक गोष्ट विसरू नये. हा रस्ता कोणी केला? १८५६ साली बोरघाटाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली त्यावरून गाड्या जाऊ लागल्या. आज घाट चढायला पाऊण तासही लागत नाही. तो करायला सात वर्षे लागली. पंचवीस बोगदे खणावे लागले. १८६१ साली चाळीस हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. कड्याला पाय टेकायला जागा नाही तेथे माणसांना दोराने बांधून खाली सोडत आणि ते लोंबकळत दगडात सुरुंगाची भोके पाडत. मजुरीच्या पैशांवरून १८५९ च्या आरंभी येथे दंगल झाली. पटकीच्या साथी आल्या, हजारो माणसे मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा काम हाती घेऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट आपल्या नावे चालवून काम पुरे केले. तिचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. सुरुंग लावणाऱ्यांची आणि पाट्या उचलणाऱ्या बायकांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. आपण टोस्ट खात वर जातो, ती वाट त्यांनी दगडातून काढली आहे.

खंडाळ्याजवळ एका ठिकाणी पूर्वी गाडीला थांबून तोंड फिरवावे लागे. चढ इतका अडचणीचा होता, की रूळ नागमोडी नेऊन, गाडी उलटी करून पुढे काढत. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ती उलटापालट संपली. पुढच्याच वर्षी राणी धावू लागली.

उतरत्या गाड्यांसाठी घाटात आणखी एक सोय आहे, तीही सांगून ठेवतो. एखाद्या गाडीचा ब्रेक निकामी झाला आणि ती उतारावर सुसाट सुटली, तर काय करायचे? त्यासाठी मुख्य रुळातून एक फाटा काढून तो उलट चढावर नेऊन सोडलेला असतो. सांधा नेहमी त्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच तो मुख्य मार्गाकडे फिरवतात. सुटलेली गाडी आपोआप फाट्यावर चढते आणि दमून थांबते. उधळलेल्या बैलाला नांगरलेल्या रानात घालावे, म्हणजे तो आपसूक थांबतो, तशीच ही युक्ती.

आता पुन्हा टेबलाकडे वळू. माझा टोस्ट आला, चांगला होता. पण मालेगावच्या पोटाला तो पुरणार कसा? पिशवीत अर्धी शिदोरी होती. काढावी की न काढावी? येथे बाहेरचे काढून खाल्लेले चालते की नाही, आजूबाजूची माणसे काय म्हणतील, दशमीचा वास सुटेल, असे नाना विचार मनात आले. वेटरकडे पाहिले. तो शहाणा माणूस; त्याने खिडकीबाहेरच्या धबधब्याकडे पाहायला सुरुवात केली. मी फडके सोडले. आणि मग पेच पडला. चार माणसांच्या टेबलावर आपण एकट्यानेच कसे खायचे? पण परक्याला विचारायचे तरी कसे? त्याला चालत नसले तर? आपले चालत नसले तर?

दाढीवाले गृहस्थच म्हणाले, “मास्तर, एकट्याने खाल्लेलं अंगी लागत नाही. आणा इकडं.” त्यांनी दशमीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात टाकला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ला. “खानदेशाकडची चटणी,” ते म्हणाले. मी म्हणालो, “चाचा, मालेगावची.” ते म्हणाले, “अरे! मग तर घरचीच.” ते भिवंडीचे निघाले; जन्म यंत्रमागांवर गेलेला, पुण्याला मुलीकडे चाललेले. मालेगावचा माग आणि भिवंडीचा माग असे बोलणे निघाले आणि सुताचे भाव, विजेची दरवाढ, धोट्याचा आवाज ऐकून बहिरे होणारे कान, यांवर आम्ही खंडाळा गाठला. त्यांनी आपले कटलेट पोरापुढे सरकवले. शेतकरी गृहस्थांनी पिशवीतून दोन पेरू काढले. मुलीने आपल्या ऑम्लेटमधला पाव वाटून दिला. टेबल एवढेसे, पण त्यावर चार घरे मांडली गेली.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? रोज घडते. खरे आहे, रोज घडते म्हणूनच सांगतो. आपल्याकडे पंगत ही गोष्ट फार जुनी. पण कोणाच्या शेजारी कोणी बसायचे, कोणी आधी, कोणी मागून, कोणी अंगणात, कोणी वेशीबाहेर, हे त्या जुन्या पंगतीत ठरलेले असे. रेल्वे आली, तेव्हा अनेकांना वाटले की आता हे सगळे मोडेल. एकाच बाकावर सगळे बसतील. बाकावर बसले, पण पाण्यापाशी अडले. इंग्रजी अमदानीत स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगवेगळी सोय असे, वाढणारी माणसेही वेगळी. तहान एकच होती, पण घागरी दोन होत्या. आणि काही जणांना तर दोन्हींपैकी एकाही घागरीजवळ जाता येत नव्हते.

१९०१ सालची गोष्ट आहे. साताऱ्याहून काही मुले आगगाडीने आपल्या वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, पहिलाच रेल्वेचा प्रवास. आनंदाला तोटा नव्हता. मसूर स्टेशनावर ती उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. गाडीवान विटाळ नको म्हणून पायी चालला. मुलांजवळ घरचे भरपूर जेवण होते. पाणी मात्र नव्हते. गाडीवानाच्या सल्ल्यावरून त्यांनी नाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले. तेव्हाही मिळाले नाही. पाण्यावाचून घास उतरेना. शिदोरी जवळ असून ती मुले उपाशी झोपली. त्यांतला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव, पुढचे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी आपल्या आठवणींत हे स्वतः लिहून ठेवले आहे.

मंडळी, आपली शिदोरी सोडताना मला दर वेळी ती मुले आठवतात. शिदोरी बांधून देणारी आई सगळे देते. पण वाटेतले पाणी तिला बांधून देता येत नाही. ते वाटेवरच्या माणसांनीच द्यायचे असते.

म्हणून दख्खनच्या राणीतले ते टेबल मला मोठे वाटले. तेथला टोस्ट फार स्वादिष्ट होता असे नव्हे. त्या टेबलाशी कोणी कोणाला जात विचारली नाही, वर्ग विचारला नाही, गाव विचारले तेही चटणी आवडली म्हणून. खुर्ची रिकामी दिसली की बसायचे, खाऊन झाले की दुसऱ्याला जागा करून उठायचे, एवढा एकच कायदा. एके काळी जी गाडी तिसऱ्या वर्गाला दारात उभे करत नव्हती, तिच्यात आज गाडीतला कोणताही उतारू जाऊन बसतो. हा बदल आपोआप झालेला नाही. कोणी त्यासाठी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, कोणी लढे दिले, कोणी कायदे केले. आपण नुसते खुर्ची ओढून बसतो.

लोणावळा आले. धुके इतके दाट, की स्टेशनाचे दिवे नुसते पिवळे ठिपके दिसत होते. चाचा उठले. मला म्हणाले, “मालेगावला येईन कधीतरी. तुमची गाडी झाली की.” मी म्हणालो, “गाडीची कशाला वाट बघता? एस.टी. आहे की!” पण त्यांचे म्हणणे मनात राहिले.

आमची गाडी खरोखरच व्हायची आहे. मनमाड ते इंदूर या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, आणि मार्ग मालेगाव, धुळे यांवरून. आमच्या गावात शिटी वाजेल तेव्हा वाजेल. कापसाच्या गासड्या जातील, कापडाचे तागे जातील, कांदा जाईल, डाळिंब जाईल. चार पैसे येतील. ते सगळे हवेच आहे. पण मोसम नदीच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे एका बाकावर बसतील, तेव्हा शिदोरी सोडताना एकमेकांकडे पाहतील, की खिडकीकडे तोंड फिरवतील? रूळ टाकणे सरकारचे काम आहे. बाकावर सरकून जागा देणे मात्र कोणत्याही खात्याकडे सोपवलेले नाही.

शिक्षक मित्रांनो, ही पंगत तुमच्या हाती रोज असते. शाळेत दुपारी खिचडी शिजते, मुले ओळीने बसतात. १९९५ सालापासून सरकारी योजनेतून मुलांना आहार मिळतो आहे. त्या ओळीत कोण कोणाशेजारी बसते, पाण्याच्या टाकीपाशी कोण कोणाला वाट देते, कोणाचा पेला वेगळा ठेवला जातो का, एवढे फक्त डोळ्यांत तेल घालून पाहा. दिसले, तर तेथेच नीट करा. भाषण देऊ नका. स्वतः ताट घेऊन त्या मुलाशेजारी जाऊन बसा. मुलांना तेवढे पुरते. आणि सहलीला निघालात, तर प्रत्येकाची शिदोरी एका चादरीवर ओतून मग वाटायला बसवा. कोणाची बाजरीची भाकर, कोणाची पुरी, कोणाचा कबाब, कोणाचे नुसते चुरमुरे. ज्याला जे चालत नाही ते त्याने खुशाल घेऊ नये. पण देणाऱ्याचा हात मागे जाऊ देऊ नये.

परत आलो तेव्हा शेजारच्या आजी ओट्यावरच बसल्या होत्या. म्हणाल्या, “काय रे, झाले का गाडीतले जेवण? ओट्यापेक्षा काय वेगळे?” मी म्हणालो, “आजी, ओट्यावर आपण आपल्याच माणसांत जेवतो. तेथे परकी माणसे जेवताना आपली झाली.”

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग पुढल्या खेपेला दशम्या जास्त ने. अर्ध्यात काय होतेय चौघांचे?”